डेक म्हणजे आमचा माळा

वयनीनं माझ्या दारावर ऑइलपेंट मारला, तिथून हे सगळं सुरू झालं. हे ती वाचणार, मला माहीत आहे. वाचू दे. मी काही खोटं लिहीत नाय. आमच्या चुलीच्या खोलीचं मागचं दार धुरानं काळंकुट्ट झालेलं, आणि त्या दाराच्या आतल्या बाजूला मी आठवीपासून खडूनं इंग्रजी शब्द लिहीत आले होते. एक शब्द कळला की एक शब्द दारावर. सगळ्यात खाली, जिथं आठवीत असताना माझा हात सहज पोचायचा तिथं सोपे शब्द, आणि जसजशी मी उंच होत गेले तसतसे अवघड शब्द वर. आई भाकरी थापता थापता विचारायची, आज काय लिवलंस गो, आणि मी अर्थ सांगायचे, आणि ती लगेच विसरायची. मग दादाचं लग्न झालं, वयनी आली, पहिल्याच दिवाळीला तिनं घर साफ करायला काढलं आणि मी कॉलेजातून येईपर्यंत दार हिरवंगार. गोठ्याच्या गेटला आणलेला रंग उरलेला. मी दारासमोर उभी राहिले. वयनी हात रॉकेलनं पुसत म्हणाली, "लय घाण झालेलं, साफ केलं." बस. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाय. आज मी सव्वीसची आहे, ऑइलपेंटवर खडू धरत नाय हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी दोनदा करून बघितलंय.

आमचा पाडा तानसा धरणाच्या तळ्याच्या बाजूला, शहापूरहून पाइपलाइनच्या रस्त्यानं आत. घर तसं लहान. बाबा मी तिसरीत असतानाच गेले, त्यामुळे घरात आई, दादा, मी आणि नंतर वयनी, सुवर्णा, वैशाखऱ्याची. वैशाखरं म्हणजे पार तिकडं मुरबाडच्या पुढं, माळशेजच्या रस्त्यावर, म्हणून मी मनात कायम म्हणायचे की ही घाटाखालची आणि मी तळ्याकाठची, हिचं माझं काय जुळणार. घर लहान असलं की न बोलणं किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. सकाळी पाच वाजता हातपंपाचा कचाकचा आवाज, मग तिच्या बांगड्या, मग तव्यावर तांदळाची भाकरी फुगल्यावर तिच्यावर ती पालथ्या हातानं मारायची तो एक चापट मारल्यासारखा आवाज. मला वाटायचं ती मलाच मारतेय. मला मीठ पायजे असलं तर मी आईला सांगायचे, आये, तिला सांग मीठ दे. ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेली. ती पण आईलाच सांगायची, आई, त्यांना सांगा, मीठ डब्यात हाय. आई दोघींच्या मधे बसून जेवायची आणि कधीकधी नुसतीच म्हणायची, "मी मेल्यावर कुत्र्याला सांगाल काय गो निरोप?" एकदा सुकटीच्या कालवणात मीठ दुप्पट पडलं. मी ताट न बोलता पुढं सरकवलं आणि वयनीनं ते तितक्याच न बोलता कोंबड्यांना घातलं. कोंबड्यांनी पण खाल्लं नाय. या एका गोष्टीवर मी महिनाभर खूश होते.

आता शहापूरचं सांगते, कारण खरी गंमत तिथं आहे. बाजारपेठेत एका धान्याच्या दुकानावर वरच्या मजल्यावर एक ऑफिस होतं. दहा कॉम्प्युटर, दहा मुली आणि एक सर. बाहेरच्या देशांची टायपिंगची कामं यायची. वयनी तिथं आधीपासून होती. माझं बी. ए. झालं, इंग्रजी घेऊन, आणि मी दोन महिने घरी बसले तेव्हा दादानं तिला सांगितलं की हिला पण ने. तिनं नेलं. पूर्ण वाट एक शब्द न बोलता नेलं, जीपमधे ती पुढं, मी मागं. आणि सरांनी काय करावं? आमची जोडी लावली. तिथं काम जोडीनंच असायचं. म्हणजे असं की तेच पान दोघींना द्यायचं, दोघींनी आपापलं करायचं, एकमेकींशी बोलायचं नाय, एकमेकींच्या स्क्रीनकडं बघायचं नाय, आणि शेवटी कॉम्प्युटर दोन्ही ताडून बघायचा. सारखं असेल तिथं हिरवं, वेगळं असेल तिथं लाल. लाल आलं की सर स्वतः बघणार. आमची जोडी सरांनी का लावली तर दोघी एका घरातून येतात, एका जीपनं येतात, गाडी चुकली तर दोघींची चुकते, म्हणजे जोडी तुटत नाय. त्यांना वाटलं केवढं डोकं चालवलं. आणि बोलायचं नाय हा नियम तर आमच्यासाठीच केलेला. बाकीच्या मुलींना दिवसातून चार वेळा ओरडा पडायचा, आमाला कधीच नाय. डबा मात्र सारखा. वयनीनंच भरलेला, तीच भाकरी, तीच वालाची भाजी, आणि मी तिच्याकडं पाठ करून खायचे.

मग ते फिनलंडचं काम आलं. कुठल्यातरी शाळेच्या मुलांसाठी चित्रांचा शब्दकोश, इंग्रजी आणि फिनिश. एक इंग्रजी शब्द, त्याचे जितके अर्थ तितक्या ओळी, प्रत्येक ओळीत अर्थ सोप्या इंग्रजीत, पुढं फिनिश शब्द, आणि खाली आठ चित्रं. आठातलं बरोबर चित्र निवडायचं. सर म्हणाले, डोकं लावू नका, वाचा आणि टिक करा. पण मला कसं जमेल डोकं न लावायला? मला तर लॉटरी लागली होती! एका दुपारी आमच्या जोडीला आला डेक. जहाजाचा शब्द. मी जहाज आयुष्यात पाहिलं नव्हतं. घरासमोर एवढं मोठं तळं, पण पाणी मुंबईचं, आमाला त्यात पाय घालायची पण बंदी. तर डेक म्हणजे पहिलं, जहाजाची वरची फळ्यांची जमीन, फिनिशमधे कान्सी. आणि ऐका ना, मी नंतर शोधलं, पातेल्याच्या झाकणाला पण ते कान्सीच म्हणतात आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठाला पण. म्हणजे त्यांच्या हिशेबानं जहाज हे एक पातेलंच, त्यावर झाकण घातलेलं, आणि माणसं त्या झाकणावर उभी! मला हे इतकं आवडलं की मी जीपमधे एकटीच हसले होते. मग डेक म्हणजे पत्त्यांचा पूर्ण जोड, तो पाक्का. घराबाहेर जमिनीपासून उचलून केलेला फळ्यांचा ओटा, तो तेरास्सी. सजवणं, त्याला कोरिस्तेल्ला. आणि कुणाला एका ठोशात आडवं करणं ते पण डेकच, त्याला त्यूरमॅता. एवढुसा शब्द आणि घरात बसवलं तर अख्खं घर भरेल.

मी एकेक चित्र बघून टिक केलं. वयनी माझ्या डावीकडं, तिनं तिचं केलं. संध्याकाळी सगळं हिरवं आलं, आमचं नेहमीच हिरवं यायचं. दुसऱ्या दिवशी सरांनी ऑफिसात आल्या आल्या मला बाहेर थांबवलं आणि वयनीला आत बोलावलं. झालं होतं असं की फिनलंडवाले मधेमधे तपासणीचे शब्द घालायचे. त्यांची उत्तरं त्यांच्याकडं आधीच तयार असायची, आमाला माहीत नसायचं. डेक तसला निघाला. पाचातल्या तीन अर्थांत आमचं चित्र चुकलेलं. आणि चुकलं ते चुकलं, दोघींचं तेच चुकलेलं. आठ चित्रांमधून तेच एक चुकीचं चित्र, तीन वेळा. जहाजाच्या जागी आमी दोघींनी पिंपांवर फळ्या बांधलेला तराफा निवडला होता, जसा आमच्या तळ्यावर धरणाची माणसं कधीमधी आणतात. सजवण्याच्या जागी सजवलेली खोली सोडून गळ्यात फुलं आणि घंटा घातलेली गाय. आणि फळ्यांच्या ओट्याच्या जागी शेतात चार खांबांवर उंच उभा केलेला, शिडी लावलेला माळा. तसाच्या तसा, आमच्या अंगणातला, ज्यावर झोडणी झाली की आमी पेंढ्याची उडवी रचतो. फिनलंडमधे पण असतो हे बघून मी त्या दिवशी आणखीनच खूश झाले होते. तिकडं त्यावर बसून शिकारी सावजाची वाट बघतात हे मला कुठं माहीत. ठोसा मारणारा मात्र दोघींनी बरोबर ओळखला होता.

वयनी बाहेर आली ती माझ्याकडं न बघता खुर्चीवर जाऊन बसली. मी आत गेले. सर वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता. म्हणाले, एका घरात राहता, डबा पण एकच, उत्तर पण एकच, चूक पण एकच, हे लोक म्हणतात जोडीत कॉपी झाली, आणि एकीला मी काढलं नाय तर ते काम काढून घेणार. दहाच्या दहा मुली घरी. कुणी कुणाचं बघितलं तेवढं सांग. मला माहीत होतं तिनं बघितलं नव्हतं. ती माझ्या स्क्रीनकडं काय, माझ्या चेहऱ्याकडं पण बघायची नाय. आणि मी पण बघितलं नव्हतं. पण एकीला जावंच लागणार होतं, आणि मी गेले तर माझं काय ते ठरलेलं होतं. माळशेजच्या रस्त्यावर टोकावड्याला मावशीचा ढाबा आहे, मी घरी बसले तेव्हापासून ती आईच्या मागं लागलेली, पोरगी नुसती बसलीय तर पाठव भाकऱ्या करायला. म्हणजे सकाळपासून चुलीपुढं, शब्द बंद. माझं दार तर आधीच गेलेलं. ते हिरवं दार माझ्या डोळ्यांपुढं आलं, खोटं कशाला बोलू, तेच आलं. मी म्हणाले, "सर, तिची खुर्ची माझ्या डावीकडं हाय. तिथून माझा स्क्रीन दिसतो."

एवढंच. मी तिनं केलं असं म्हणाले नाय. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होते की मी फक्त खुर्ची कुठं आहे ते सांगितलं.

तिला त्याच दुपारी काढलं. जीपमधे ती नेहमीसारखी पुढं, मी मागं, आणि मला फक्त तिचा अंबाडा दिसत होता. घरी गेल्यावर मी वाट बघत होते की ती आता आईला सांगेल, दादाला सांगेल, रडेल, भांडेल. तिनं हात धुतले आणि म्हणाली, आई, काम कमी झालं तिथलं, मी आता घरीच. आईनं बरं म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला कामाला जुंपलं. माझी आई माझ्यासाठी आई आहे, पण सुनेसाठी ती काय आहे ते मी त्या आठ दिवसांत बघितलं. शेण अजून का पडलंय, भाकरी जाड का, एवढा वेळ पाण्याला लागतो काय. आधी वयनी सकाळी आठला निघायची म्हणून हे सगळं तिच्यामागं राहायचं. आता ती दिवसभर त्याच्या मधोमध. मी संध्याकाळी यायचे तेव्हा ती अंगण झाडत असायची आणि माझ्या चपलांपर्यंत झाडत यायची, चपला उचलायची नाय, त्यांच्या भोवतीनं झाडायची. माझा डबा मात्र रोज भरलेला. मला वाटायचं एखाद्या दिवशी त्यात खडे निघतील. निघाले नाय. त्यानं मला जास्त राग यायचा.

रविवारी पेंढा रचायचा होता. दादाची ड्युटी, आई आठवड्याच्या बाजाराला गेलेली, म्हणजे काम आमा दोघींवर. हे काम एकटीनं होत नाय. एकीनं माळ्यावर चढायचं, दुसरीनं खालून पेंढ्या फेकायच्या, वरचीनं झेलून गोल रचत जायचं. मी हलकी म्हणून मी वर. एरवी या कामात खूप बोलणं असतं, घे, थांब, इकडं टाक. आमचं नुसतं सपसप. वयनीचा नेम फार चांगला. सुरुवातीला पेंढ्या हातात येत होत्या, मग छातीवर यायला लागल्या, मग तोंडावर. माझ्या नाकाडोळ्यात कुसळं, मानेत खाज. मी रडकुंडीला आले पण थांब म्हणायला बोलावं लागलं असतं, म्हणून झेलत राहिले. शेवटची पेंढी आली. मी ती रचली, तोंड पुसलं, उतरायला वळले, तर शिडी नाय. वयनीनं ती काढून गोठ्याला टेकवून ठेवलेली आणि स्वतः तिच्या खालच्या पायरीवर बसून सुपारी कातरत होती.

न बोलायला वर्ष झालं होतं. एक वर्ष आणि वर थोडे दिवस. तेवढ्यात पहिल्यांदा ती सरळ माझ्याशी बोलली.

"सरांनी मला इचारलं तवा मी काय सांगितलं, ठाव हाय तुला?"

मी मानेतली कुसळं काढत राहिले.

"मी सांगितलं, कुणीच कॉपी नाय केली. आमच्या दारात तसाच माळा हाय, तुमी चला बगायला. माझ्या माहेरी पण हाय. हसले ते मला. मग तू आत गेलीस."

मी वरून म्हणाले, "शिडी लाव."

"डेकवर हायस ना? मग बस की. हवा खा."

मग ती उठून कामाला लागली. मी वर. उडवीवर बसलं की आमचं सगळं दिसतं, पाइपलाइन दिसते, तिच्यापलीकडं तळं, आणि त्या दिवशी तिथं तो धरणवाल्यांचा तराफा पण होता. मी त्याकडं बघत बसले आणि मला इतका संताप आला की सांगता येत नाय. दादाला फोन केला असता तर तो आला असता, पण आधी विचारलं असतं, शिडी का काढली. उडी मारावी तर खाली दगडी उखळ. ऊन डोक्यावरून मागं गेलं. खालून सुकट भाजल्याचा वास आला. वयनीनं एकटीनं जेवण केलं, अंगणात, मला दिसेल असं.

आई बाजारातून आली ती डोक्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आधीच वर बघायला लागली. काय गो, वर काय करतेस? आणि वयनीला म्हणाली, शिडी कुणी काढली? वयनी म्हणाली, "तिलाच इचारा."

आणि मी सांगितलं. सांगावंच लागलं. खालून दोघी मान वर करून उभ्या आणि मी पेंढ्यावर गुडघे जवळ घेऊन बसलेली, मी सगळं सांगितलं, खुर्ची डावीकडं आहे इथपर्यंत. मला वाटलं आता आई नेहमीसारखी माझी बाजू घेईल. आईनं डोक्यावरची पिशवी काखेत घेतली. मग पिशवीतून टोमॅटो काढत काढत आत गेली आणि आतून म्हणाली, "सुवर्णे, चा टाकते, दोघींपुरताच टाकते." आजही या वाक्याचा मला जितका राग येतो तितका त्या ऑइलपेंटचा येत नाय.

मी वरूनच वयनीला म्हणाले, उद्या सांगते सरांना.

"उद्या नाय. आत्ता. खिशात फोन हाय ना? वर रेंज पण चांगली येते. स्पीकरवर लाव, मला ऐकू आलं पायजे."

मी लावला. सर जेवून झोपलेले असावेत, आवाज जड होता. मी म्हणाले, सर, डेकचं सांगायचं होतं, कुणीच कॉपी केली नव्हती, वयनीला माझा स्क्रीन दिसतो पण ती बघत नाय, आमच्या घरी तसा माळा आहे, मी आत्ता त्याच्यावरच बसलेय. फोटो पाठवू का? मग ते म्हणाले, म्हणजे मी एका चांगल्या मुलीला काढलं. मी हो म्हणाले. ते म्हणाले, आणि हे तुला त्या दिवशी माहीत होतं? मी परत हो म्हणाले. "मग तिला उद्या पाठव. तू नको येऊस." फोन बंद झाला. फोटो मी तरीपण पाठवला, उडवीवरून खाली, माझे पाय आणि खांब दिसतील असा. त्यांनी तो फिनलंडला पाठवला असं वयनीनं नंतर आईला सांगितलं, आईनं मला.

वयनीनं शिडी आणून लावली. धरली नाय, लावली फक्त.

मी टोकावड्याला गेले आणि दोन वर्षं मावशीच्या ढाब्यावर भाकऱ्या केल्या. हात भाजले, चिडचिड झाली, आणि त्याच चिडीनं मी मोबाइलवर फिनिश शिकले. वयनी दिवसभर ज्या शब्दांवर नुसती टिक करतेय ते मला बोलता आले पायजेत, एवढंच डोक्यात. घाटातून उतरणाऱ्या एसट्या ढाब्यापुढं थांबायच्या, कंडक्टर भाकरी मागायचा आणि मी पीठ मळता मळता तोंडातल्या तोंडात त्यूरमॅता, त्यूरमॅता. माणूस रागानं भाषा शिकू शकतो, हे मी तुमाला अनुभवानं सांगते. आता मी घरून भाषांतराची छोटी कामं करते. वयनी त्याच ऑफिसात मुलींचं काम तपासते. माझं दार अजून हिरवंच आहे. निरोप अजून आईकडूनच जातात, फक्त आई आता ऐकायला कमी येतं असं नाटक करते.

आणि पेंढा अजून आमी दोघीच रचतो, कारण दुसरं कोण आहे. मी वर, ती खाली, नेम तिचा अजून चांगला. एकच फरक झालाय. मी वर पोचले की आधी वाकून शिडी वर ओढून घेते आणि माझ्या शेजारी आडवी ठेवते. पहिल्या वर्षी तिनं ते बघितलं, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलं, मग पहिली पेंढी उचलली आणि थेट माझ्या तोंडावर मारली.

मी ती झेलली.